डोलकाठीची पाचर

आप्पा, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. माझी बायको म्हणते, गेलेल्या माणसाला लिहायचं तर बारा दिवस काय आणि बारा वर्षं काय, उशीर सारखाच. पण तिला सगळं ठाऊक नाही. माझं शिक्षण सहावीपर्यंतचं. लिहिण्याची सवय म्हणाल तर पंपहाऊसच्या वहीत लाइट आली, लाइट गेली आणि शेजारी वेळ, एवढीच. तेव्हा चुकलंमाकलं तर तुम्ही लाकूड बघायचात तसं बघा. गाठ लागली की तुम्ही चिडायचा नाहीत, रंधा जरा तिरका धरायचात.

तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मलाच सगळं एकदा ओळीनं मांडायचं आहे, कारण इतकी वर्षं ते माझ्या डोक्यात उलटसुलट पडून होतं. तुम्ही दौंडच्या रेल्वेत सुतारकाम करून रिटायर झालात, बायको वारल्यावर आमच्या मांडवगणच्या बाजूला लेकीच्या घरी राहायला आलात. मूळचे समुद्रकाठचे. पन्नास वर्षांत समुद्र पाहिला नव्हता असं सांगायचात, पण बंधाऱ्यामागं फुगलेल्या नदीवर वारा लागला की तुमचं बोलणं मध्येच थांबायचं. मी तिथंच, भीमेच्या काठी, गावच्या उपसा योजनेचा पंप चालवायचो. बंधाऱ्याला पाणी अडवायचे ढापे टाकले की पाणी पार दौंडच्या बाजूच्या उसापर्यंत पसरायचं, आणि मी त्या पाण्याकडं पाठ करून बसायचो. वीस वर्षं नदीवर नोकरी केली होती आणि तोवर गुडघ्याच्या वर कधी भिजलो नव्हतो. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, सायकलवरून अर्ध्या वाटेतून परत येऊन चौथ्यांदा बघायचं, असा माझा स्वभाव. असल्या माणसाला तुम्ही होडी शिकवायला का निवडलंत हे मला तेव्हाही कळलं नाही. होडी ठेवायला पंपहाऊसची सावली हवी होती आणि सावलीबरोबर मीही मिळालो, एवढंच असेल.

होडी तुम्ही एका उन्हाळ्यात एकट्यानं बांधलीत. जुन्या लाकडाच्या वखारीतून फळ्या आणल्यात, आणि शीड शिवलंत ते मंडपवाल्यानं टाकून दिलेल्या कनातीचं, लाल आणि पिवळ्या पट्ट्यांचं. पहिल्या दिवशी ते वर चढलं तेव्हा काठावर धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "कुनाचं लगीन हाय वं आप्पा?" तुम्ही म्हणालात, "माझं आणि ह्या पंपवाल्याचं. नवरी बघा कशी लाजून काठ धरून बसलीय." मी खरोखर दोन्ही हातांनी होडीचा काठ धरून बसलो होतो. त्या बायका कितीतरी दिवस मला बघून पदर तोंडाला लावायच्या. मला राग यायला हवा होता, पण तुमच्या थट्टेत मी आहे याचं मला बरंही वाटायचं.

लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की मी मोकळा, असं आपलं शाळेचं वेळापत्रक. लाइट कधी येईल याचा भरवसा नसायचा, म्हणून पंपहाऊसच्या दाराबाहेर मी एका दिव्याचं बटण चालू ठेवूनच येत असे. तो पेटला की आपण काठाकडं वळायचं आणि मी पळत जाऊन मोटर सुरू करायची. पाणी वेळेवर चढलं नाही तर वरच्या वावरातला माणूस शिव्या देत खाली यायचा. त्यामुळे होडीत बसलो तरी माझी नजर त्या दिव्यावर. "बल्बाकडं बघू नको रे," तुम्ही म्हणायचात, "तो पेटला तर पेटला. शिडाकडं बघ." मी शिडाकडं बघायचो, आणि एक डोळा परत दिव्याकडं जायचा.

त्या दिवसांतली एक दुपार मला आजची असल्यासारखी दिसते. चैत्र आहे, पश्चिमेचा वारा सुटलाय, आपण दोघं नदीच्या मध्यावर आहोत. तुम्ही सुकाणूचा दांडा धरलाय, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. एकदम तुम्ही दोन्ही सोडून देता. मी ओरडतो, "आप्पा, धरा, धरा!" तुम्ही चंची काढता, तळहातावर तंबाखू घेता, बोटावर चुना घेता आणि निवांत मळायला लागता. होडी चार हात पुढं जाते, मग आपणहून तोंड फिरवते, पार वाऱ्याच्या समोर येते आणि उभी राहते. शीड फडफडतं, बाकी काही नाही. बांधावर उभी राहून मालकाची वाट बघणाऱ्या म्हशीसारखी ती उभी. तुम्ही तंबाखू ओठात ठेवता आणि मग सांगता, "डोलकाठी मी मुद्दाम जरा मागं कललेली ठेवलीय. त्यानं शिडाचा जोर मागं पडतो आणि होडीचं नाक सारखं वाऱ्याकडं वळायला बघतं. म्हणून दांडा हाताला ओढ देतो. ती ओढ जाच वाटते, पण तीच तुझी राखण. एकटा माणूस पाण्यात पडला, चक्कर आली, काहीही झालं, दांडा सुटला की होडी थांबते. डोलकाठी पुढं कलली की उलटं होतं. दांडा सुटला की ती वाऱ्यामागं पळत सुटते, तुला मागं टाकून. दोघं असतील तर चालतं. एकट्यानं असली होडी घेऊ नये."

डोलकाठी आडव्या फळीतल्या भोकात उभी होती, आणि भोक काठीपेक्षा चार बोटं लांब होतं. मोकळ्या जागेत तुम्ही बाभळीची एक पाचर ठोकायचात. पाचर काठीच्या पुढं ठोकली की काठी मागं कलते, मागं ठोकली की पुढं. एवढ्याशा लाकडाच्या तुकड्यावर सगळं. मी ते नीट समजून घेतलं होतं, आप्पा. समजलं नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही.

दुसऱ्या वर्षी तुम्ही मला एकट्याला बसवायला लागलात. अट एकच, पंपहाऊसच्या समोरच फिरायचं, पलीकडच्या काठाला जायचं नाही. तुम्ही करंजाच्या सावलीत बसून ओरडायचात आणि नदीवर आवाज लांब जातो म्हणून तुमच्या शिव्या दौंड तालुक्यातही ऐकू जात असणार. तुम्ही होडीत असताना तुमच्या वजनानं ती सपाट चालायची. मी एकटा बसलो की ती एका कुशीवर कलायची, आणि जितकी कलेल तितका दांडा हात ओढायचा. खांदा भरून यायचा. मी घाबरून दांडा अजून घट्ट धरायचो, आणि दुसऱ्या हातातला दोरही घट्ट. "दोर सोड जरा!" तुम्ही ओरडायचात. "अरे, दांड्याशी कुस्ती खेळतोयस आणि दुसऱ्या हातानं त्यालाच खुराक घालतोयस! दोर सैल कर, वाऱ्याच्या बाजूला सरकून बस, दांडा दोन बोटांत धर. मूठ आवळलीस की होडी काय म्हणतीय ते तुला कळायचं कसं?" मी मान हलवायचो. हात काही सैल व्हायचा नाही. ज्याला कुलूप चारदा ओढून बघावं लागतं त्याला दोन बोटांत दांडा धर म्हणणं सोपं आहे, धरणं नाही.

मग एक दिवस तुम्ही मला ती काठी दिलीत. बोरीची, कमरेइतकी लांब, काचेनं घासून गुळगुळीत केलेली, एका टोकाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. ती दांड्याच्या टोकाला बांधली की माणसाला होडीच्या वरच्या काठावर बसून तिथूनच सुकाणू फिरवता येत होतं. "एकट्या माणसाचा हात लांब लागतो," तुम्ही म्हणालात. मला कुणी काही करून देण्याची सवय नव्हती. मी नीट आभारही मानले नाहीत, उलट विचारलं, "ट्यूब तुटली तर?" तुम्ही डोक्याला हात लावलात. "तुटली तर दुसरी बांध. सायकली काय संपल्या का जगातल्या!"

आता ते सांगतो ज्याच्यासाठी हे पत्र आहे. त्या दिवशी तुम्ही लेकीबरोबर शिरूरला गेला होतात, डोळे दाखवायला. सकाळी लाइट गेली. वारा जोरात होता, आणि आदल्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात की ह्याचा खांदा निखळेल पण ह्याची मूठ सुटायची नाही. मला ते लागलं होतं. मी होडीपाशी उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात आलं की ही ओढच नसली तर? मी दगड घेतला, पाचर ठोकून काढली आणि काठीच्या मागच्या बाजूनं परत बसवली. डोलकाठी दोन बोटं पुढं कलली. मी एकटा निघालो, आणि आप्पा, काय सांगू, दांडा लोण्यासारखा झाला होता. ओढ नाही, दुखणं नाही. मी दोर घट्टच धरला होता आणि तरी हाताला काही लागत नव्हतं. मला वाटलं, दोन वर्षं उगाच मार खाल्ला. आता आप्पांना दाखवतो.

मग चष्म्यावर पाणी उडालं. पुसायला म्हणून मी दांडा सोडला. होडीनं नाक वाऱ्याकडं वळवलं नाही. तिनं ते हळूच दुसरीकडं वळवलं, शीड एका बाजूला ताठ भरलं आणि ती खाली बंधाऱ्याच्या दिशेनं धावायला लागली. मी दांडा पकडेपर्यंत तिनं असा वेग घेतला होता की वळवायची हिंमत झाली नाही. कसंबसं शीड खाली ओढलं, वाहत वाहत पाणकणसांत जाऊन अडकलो आणि तिथून छातीभर पाण्यातून होडी ओढत काठाकाठानं परत आणली. दगड उचलला, पाचर परत पुढं ठोकायची म्हणून वाकलो, आणि दिवा पेटला.

लाइट आली होती. मी दगड टाकून पळालो. मोटर सुरू केली, पाणी चढलं का बघायला वर गेलो, खाली आलो, पाइपाच्या बुडाच्या फूटव्हॉल्व्हनं त्रास दिला, त्यातच दिवस मावळला. सायकलला दिवा नव्हता. पाचर माझ्या डोक्यात होती, नव्हती असं नाही. पण मी स्वतःला म्हणालो, आप्पा थकून येतील, उद्या सकाळी काही होडी काढणार नाहीत. दुपारी माझी पाळी आहे, आल्या आल्या ठोकू. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुलूप चारदा बघितल्याशिवाय घर सोडलं नाही, तो माणूस त्या संध्याकाळी सायकलवर बसून सरळ घरी गेला. कुलूप मात्र मी चारदा ओढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवर निघालो तर वाटेतच सांगावा आला. आप्पा गेले, होडीतच गेले, मासे धरणाऱ्या भोयांनी आणलं. कसे गेले हे न विचारताच मी सायकल वळवली आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडलो. बायकोला सांगितलं ताप आहे, तिनं सगळ्यांना तेच सांगितलं. डॉक्टर हार्ट म्हणाले असं कळलं. सगळ्यांचं त्या एका शब्दावर समाधान झालं, माझं झालं नाही. हार्ट कशानं बंद पडलं हे डॉक्टरला काय माहीत? मला दिसायचं ते असं, की तुम्ही मध्यावर गेलात, सवयीनं दांडा सोडलात, आणि होडी पळाली. तुम्ही तिला आवरायला झटताय, बंधारा जवळ येतोय, आणि सत्तरीच्या माणसाचा श्वास पुरत नाही. हे मी रोज बघितलं. दहाव्याला सगळे नदीवरच जमले, पंपहाऊसपासून हाकेच्या अंतरावर. मी आत मोटर चालू करून बसलो होतो, तिच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून. नंतर सांगितलं कुणीतरी, कावळा लगेच शिवला, आप्पांचं काही राहिलं नव्हतं. मी मनात म्हणालो, त्यांचं राहिलं नसेल.

पावसाळ्याआधी मी नोकरी सोडली. मुलगा शिक्रापूरला कंपनीत लागला होता, त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो आणि तिथल्याच एका गेटवर वॉचमन झालो. बारा वर्षं मी ट्रक मोजले. तुमची बोरीची काठी माझ्या हातात असायची, वॉचमनला काठी लागतेच. बिहारकडची पोरं गंमत करायची, चाचा, इस डंडे में क्या है, सोते भी साथ में हो. मी सांगायचो, पुरानी है. नदीकडं मी एकदाही गेलो नाही. मांडवगणला लग्नकार्याला जायचं तर बायकोला पाठवायचो आणि स्वतः पाळी घ्यायचो. दर नमाजेनंतर तुमच्यासाठी दुवा मागायचो आणि मागताना लाज वाटायची, जसं काही मी तुमच्याकडंच तक्रार करतोय माझी.

मागच्या महिन्यात दौंडला साडूच्या घरी लग्न होतं, तिथं मात्र जावं लागलं. घरच्या बायांनी मला बाजारात मासे आणायला पाठवलं. एका पाटीपुढं उभा होतो तर पाटीमागचा माणूस मासा हातात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. "चाचा, मंडपाच्या होडीवालं चाचा न्हवं तुमी? पंपावरचं?" आपल्याच काठावर जाळी विणत बसायचा तो भोई होता, आता केस पांढरे झालेले. तुम्हाला आणलं ते त्यानंच. माझे पाय मागं सरले. त्याची बायको म्हणाली, "आदी मासं घ्यू दे त्यांला, मग वळखी काढ. पाव्हणं पळाया लागलं बघ." तो हसला. "आप्पांची होडी हाय की अजून माज्यापाशी. लेकीनं मलाच दिली. शीड न्हाई, पर चालती झकास."

मी पिशवी खाली ठेवली. बारा वर्षांत जे कुणालाही विचारलं नाही ते माझ्या तोंडातून गेलं. म्हणालो, "तेव्हा होडी सापडली कुठं? बंधाऱ्याशी?"

"बंधाऱ्याशी कशाला? मधुमध हुती की. वाऱ्याकडं त्वांड करून हुबी, शीड फडफड फडफड करतंय. आन् आप्पा बसल्यालं. मी म्हनलं तंबाखू मळत्यात, म्हनून हाक बी मारली न्हाई. जाळं टाकून झालं, परत बघतुय तर तसंच बसल्यालं. तवा गेलो जवळ."

"हातात काय होतं?"

"तंबाखूच. चुना लावल्याली, मळायची ऱ्हायली हुती. डोळं मिटल्यालं. सपान पडल्यागत."

मी त्याला विचारलं, डोलकाठीची पाचर कुठल्या बाजूला होती. तो मोठ्यानं हसला आणि त्यानं डाव्या हाताचा अंगठा माझ्यापुढं धरला. नख मधून चिरलेलं, वेडंवाकडं वाढलेलं. "ही बघा तुमची पाचर! डोलकाठी उतरवताना ती निघता निघंना, तिच्या पायी ह्यो आंगठा फुटला. आप्पांनी खिळा मारला हुता न्हवं तिला. पुढनं पाचर, आन् वर चार बोटांचा खिळा."

"खिळा कधी मारला?"

"त्याच सकाळी. मी हुतो की बाजूला जाळं झाडत. आलं, होडीभवती फिरलं, डोलकाठीकडं बघितलं आन् हसाया लागलं. मला म्हनलं, आरं, माज्या चेल्यानं रात्रीत होडीचा सोभावच बदलला बघ. म्या म्हनलं, कुनी, चाचानं? त्येंची छाती व्हनार न्हाई. तर म्हनलं, तेच तर! दोन वर्सात पैल्यांदा मला न इचारता काय तरी केलं त्यानं. चुकीचं केलं, पर केलं. आता त्याला पल्याडच्या काठाला एकटा जाऊ द्याया हरकत न्हाई. मग पाचर ठोकली, खिळा मारला, म्हनलं, त्यो जाईल तवा पाचरीला परत हात लावाया नगं. आन् गेलं आत."

त्याच्या बायकोनं मासे कागदात बांधून माझ्या हातात दिले. पैसे काढायचे विसरून मी उन्हात तसाच उभा. ती म्हणाली, "ऊन लागलं का काय चाचाला? पानी दे रं." मी पाणी प्यायलो. लग्नघरी मासे घेऊन गेलो तर साडूची बायको म्हणाली, सांगितले होते कोणते आणि आणलेत कोणते. मला तेही बरं वाटलं. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला आणि दुपारी बसल्या जागी असा झोपलो की बायको श्वास चालू आहे का बघून गेली.

तंबाखू मळायला दोन्ही हात लागतात. एवढी साधी गोष्ट, पण तुमच्या हातात काय होतं हे मी कधी कुणाला विचारलं नाही. तुम्ही दोन्ही हात सोडले होते, म्हणजे होडीवर तुमचा भरवसा होता, आणि होडीनं तो राखला. ती थांबली, उभी राहिली, तुम्हाला घेऊन कुठं पळाली नाही. तुम्ही कुणाशी झटत नव्हतात. मी हे वाक्य रोज सकाळी एकदा मनात म्हणतो आणि मग चहा घेतो.

आठ दिवसांनी मी नदीवर गेलो. बायको बरोबर यायचं म्हणत होती, तिला नको म्हणालो. पंपहाऊसचं दार गंजलंय, दिव्याचा होल्डर लोंबतोय, करंज तेवढा वाढलाय. भोयानं होडी काठाला आणली. डांबर लावून लावून काळी झालीय, पण फळ्या तुमच्याच. मी आत उतरलो, काठ न धरता उतरलो, आणि आडव्या फळीवरचं भोक शोधलं. त्याच्या पुढच्या बाजूला खिळ्याचं छिद्र आहे. मी त्यात करंगळीचं टोक घालून बघितलं, जाईना, मग नख घातलं. भोई म्हणाला, "चाचा, काय शोधताय?" म्हणालो, काही नाही, आहे का बघत होतो.

मग त्यानं वल्ही घेतली आणि मी सुकाणूपाशी बसलो. बोरीची काठी बरोबर नेली होती. सायकलच्या दुकानातून ट्यूबचा तुकडाही नेला होता, जुना पट्टा गेला म्हणून. काठी दांड्याला बांधली, होडीच्या वरच्या काठावर बसलो आणि दोन बोटांत धरली. खरोखर दोन बोटांत, आप्पा. पण शीड नाही म्हटल्यावर दांड्याला ओढ कुठली? वारा होता, पश्चिमेचाच, आणि दांडा हातात नुसता पडून होता. ज्या ओढीपायी मी ती पाचर हलवली तीच आता हाताला हवी होती. मी त्याला म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात शीड शिवू या का? तो म्हणाला, "तुमी बसनार एकटं?" मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "मग मंडपवाल्याला सांगून ठेवतो. पर चाचा, नवरी बदलली आता, काठ धरून बसत न्हाई." आम्ही दोघंही हसलो. पलीकडच्या काठाला लागून परत आलो. उसाच्या बांधावर पाय टेकवला मी, तिकडच्या. एकट्यानं नाही गेलो, पण गेलो.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच आहे, तेव्हा ते माझ्याकडंच राहील, पंपहाऊसची एक जुनी वही मी आणली होती तिच्यात. मन हलकं झालं आहे, खोटं कशाला सांगू. फक्त दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे तुमच्या मयतीच्या दिवशी मला ताप नव्हता. अंग थंडगार होतं. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला सांगतोय. आणि दुसरी अशी की भोई चांगला माणूस आहे, मला पाणी पाजलं त्यानं. माझा चेहरा बघून त्यानं त्या सकाळचं तुमचं बोलणं माझ्यासाठी जरा गोड तर केलं नसेल ना, असं कालपासून डोक्यात येतंय. खिळा खरा आहे, तो मी नखानं बघितला. पण खिळा मारताना तुम्ही हसत होतात का, एवढं तुम्ही स्वतः कळवा. जमेल तसं कळवा, पण लवकर कळवा. वाट बघायला लागलो की माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.